नामदार गोखले आणि माझी एक्सेल शीट

फेब्रुवारी महिना इथं कुवेतमध्ये रोषणाईचा असतो. २५ तारखेला राष्ट्रीय दिन, २६ला मुक्ती दिन, त्यामुळे रस्तोरस्ती झेंडे आणि दिवे. आम्हा मराठी मंडळींची लगबग त्याच्याही आधी सुरू होते, कारण १९ तारखेला शिवजयंती. त्या दिवशी व्हॉट्सॲपचे सगळे ग्रुप भगवे होतात, आणि ते व्हायलाच हवेत. पण त्याच तारखेला, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, पुण्यात आणखी एक मोठा मराठी माणूस गेला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले. वय अवघं ४८. शाळेत आपण त्यांच्याबद्दल दोन गोष्टी पाठ केलेल्या असतात. एक म्हणजे ते मवाळ पुढारी होते, दुसरी म्हणजे ते गांधीजींचे राजकीय गुरू होते. तिसरी गोष्ट विचारली तर आपल्यातले बहुतेक जण अडखळतात. मला त्या तिसऱ्या गोष्टीबद्दल लिहायचंय.

मी कॉम्प्युटर इंजिनीअर आहे. फहाहीलच्या अलीकडं, समुद्राला लागून उंच इमारतींची दाटी झालेल्या महबूलामध्ये राहतो आणि एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. त्या कामाचा मोठा भाग म्हणजे विक्री, साठा, वसुली यांचे आकडे गोळा करून साहेबांपुढं चार्टच्या रूपात मांडणं. टीममध्ये नवीन मुलं येतात तेव्हा त्यांना एक्सेलमधले चार्ट शिकवायचं काम माझ्याकडं असतं. सरावाला कंपनीचे खरे आकडे देता येत नाहीत आणि खोट्या आकड्यांत कुणाचं मन रमत नाही. म्हणून मी गोखल्यांच्या भाषणांतले आकडे देऊ लागलो. गोखल्यांनी स्वतः कौन्सिलात कधी चार्ट दाखवला नाही. तिथं पडदा नव्हता, प्रोजेक्टर नव्हता. उभं राहून बोलायचं आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात चित्र उभं करायचं, एवढंच हातात होतं. पण त्यांची मांडणी इतकी स्वच्छ आहे की आज ते आकडे शीटमध्ये भरले तर कुठल्या आकड्यांना कुठला चार्ट हवा, हे आपोआप कळतं.

पंधरातले आठ रुपये

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६चा, रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा. वडील कोल्हापूरकडं कागलला नोकरीत होते. १८७९मध्ये वडील वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव स्वतः अजून शिकत होते. त्यांनी शिक्षण सोडलं, पंधरा रुपये महिन्याची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा कोल्हापूरला धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवायला सुरुवात केली. उरलेल्या सात रुपयांत घर चालायचं.

माझ्या वर्गातला पहिला चार्ट हाच असतो. आठ आणि सात, दोन आकडे, पाय चार्ट. पाय चार्टची लोक बरीच चेष्टा करतात, पण त्याची जागा ठरलेली आहे. एका पूर्ण गोष्टीचे भाग दाखवायचे असतील, भाग दोन-तीनच असतील, आणि अर्ध्याहून जास्त की कमी एवढंच सांगायचं असेल, तर त्याच्यासारखा सोपा चार्ट नाही. गोविंदरावांच्या पगारातला मोठा तुकडा कोल्हापूरला जातोय, हे एका नजरेत दिसतं. हेच तुकडे आठ-दहा झाले की डोळ्याला कोनांची तुलना जमत नाही, मग बार चार्टकडं वळावं. नवीन मुलांना हा नियम लक्षात राहतो, कारण त्यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या घरी कुणीतरी गोविंदराव असतो, नाहीतर तो स्वतःच गोविंदराव असतो. पंधरातले आठ पाठवणारी माणसं महबूलाच्या प्रत्येक लिफ्टमध्ये भेटतात.

गोपाळनं भावाचे पैसे वाया जाऊ दिले नाहीत. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात, मग मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकून १८८४मध्ये, अठराव्या वर्षी ते पदवीधर झाले. सरकारी नोकरी किंवा वकिली समोर दिसत असताना ते पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर झाले आणि पुढं डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद. म्हणजे वीस वर्षं नोकरी आणि पगार महिना पंचाहत्तर रुपये. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित शिकवलं, इंग्रजी शिकवलं, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवलं. ज्या विषयाला माणूस नसेल तिथं गोखले उभे. त्यांनी लिहिलेलं अंकगणिताचं पुस्तक शाळाशाळांतून चाललं आणि त्याच्या मानधनाचा त्यांच्या संसाराला पुढं कायम आधार झाला.

आकडे वाचायला मात्र त्यांना शिकवलं न्यायमूर्ती रानड्यांनी. सार्वजनिक सभेचं चिटणीसपद आणि तिच्या त्रैमासिकाचं काम गोखल्यांकडं आलं तेव्हा रानडे त्यांच्याकडून सरकारी अहवाल वाचून घेत, टिपणं करून घेत, खर्डे पुन्हा लिहायला लावत. सरकारी आकड्यांचे दुसरे मोठे जाणकार होते गणेश व्यंकटेश जोशी. पेशानं शाळामास्तर, पण देशाचा जमाखर्च तोंडपाठ. कौन्सिलातल्या गाजलेल्या भाषणांची तयारी करताना गोखल्यांना या जोशींची फार मदत झाली. आज आपण ज्याला डेटा टीम म्हणतो ती तेव्हा एवढीच होती. एक न्यायाधीश, दोन मास्तर आणि सरकारी निळ्या पुस्तकांची चळत.

पुरावा नसलेली रक्कम

१८९७ साल गोखल्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण साल. त्या वर्षी ते पहिल्यांदा विलायतेला गेले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढं साक्ष द्यायची होती. वय तीस. कमिशनवर दादाभाई नौरोजी होते, साक्षीदारांत दिनशा वाच्छांसारखे मुरलेले लोक होते. खर्च कुणासाठी होतो, वाढ कुठं झाली, हिंदी माणसाच्या वाट्याला किती येतं, हे सगळं गोखल्यांनी आकड्यांनी मांडलं. उलटतपासणीत ते डगमगले नाहीत. साक्ष गाजली.

पण त्याच वेळी पुण्यात प्लेगचा कहर चालला होता. घरझडतीच्या वेळी गोऱ्या सोल्जरांनी केलेल्या वागणुकीबद्दल पुण्याहून त्यांना पत्रं आली. पत्रं लिहिणारे विश्वासातले होते. गोखल्यांनी विलायतेतल्या वर्तमानपत्रात ते आरोप जाहीरपणे मांडले. इकडं २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, पुण्यात धरपकड सुरू झाली, लोकमान्य टिळकांना अटक झाली. जुलैच्या अखेरीस गोखले मुंबईला उतरले आणि त्यांनी पत्र लिहिणाऱ्यांकडं नावं आणि पुरावे मागितले. त्या वातावरणात पुढं यायला कुणीच तयार झालं नाही. सरकार तर पुरावा मागणारच होतं. गोखल्यांनी पत्र लिहिणाऱ्या एकाचंही नाव सांगितलं नाही. स्वतः जाहीर माफी मागितली.

या माफीनं त्यांना आतून हलवून सोडलं. विरोधकांनी भित्रा म्हणून हिणवलं, आणि काँग्रेसमधल्या मित्रांनीही काही काळ दूर ठेवलं. गोखल्यांनी त्यावर वाद घातला नाही. पुढच्या प्लेगात ते पुण्यात स्वयंसेवक म्हणून गल्लोगल्ली फिरले. आणि त्यानंतर त्यांनी कौन्सिलात आयुष्यभर जे आकडे मांडले, ते शक्यतो सरकारच्याच कागदांतून उचललेले होते, म्हणजे समोरच्याला ते नाकारायला जागाच राहू नये.

मी मुलांना सांगतो की शीटमध्ये प्रत्येक आकड्याच्या शेजारी एक कॉलम ठेवा. हा आकडा कुठून आला, कुणी दिला, कुठल्या तारखेला. चार्टमध्ये तो कॉलम दिसत नाही, पण मीटिंगमध्ये कुणी बोट ठेवून विचारलं की तोच उपयोगी पडतो. गोष्ट खरी असणं आणि ती दाखवता येणं यांत अंतर आहे. त्या अंतराची किंमत गोखल्यांनी एकट्यानं भरली.

सात कोटींची शिल्लक

आता मुख्य प्रसंग. २६ मार्च १९०२, कलकत्ता. लॉर्ड कर्झन यांच्या कौन्सिलात अर्थसंकल्पावर चर्चा चालू होती. गोखले नुकतेच फिरोजशहा मेहतांच्या जागी तिथं गेले होते. सरकारच्या तिजोरीत सात कोटी रुपयांची शिल्लक होती आणि आधीची वर्षंही शिल्लकीचीच होती. अशा वेळी अर्थमंत्र्याचं अभिनंदन करायचं असतं. गोखल्यांनी उठून सांगितलं की त्यांना त्या अभिनंदनात मनापासून सामील होता येत नाही. देशात लागोपाठ दुष्काळ पडलेत, प्लेग चालू आहे, आणि सरकारकडं मात्र एवढी शिल्लक. लोकांची स्थिती आणि तिजोरीची स्थिती यांचा मेळच लागत नाही, हे त्यांचं म्हणणं होतं.

मग ही शिल्लक आली कुठून? हा भाग आपल्यासारख्या परदेशात राहणाऱ्यांनी नीट वाचावा, कारण हे कोडं विनिमय दराचं आहे. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी विलायतेत पौंडांमध्ये मोठी रक्कम द्यावी लागे. पेन्शनी, कर्जावरचं व्याज, लष्करी खर्च असं सगळं त्यात असे. रुपया होता चांदीचा. चांदी स्वस्त झाली तसा रुपया घसरत गेला. १८९४-९५मध्ये एका रुपयाला सरासरी १३.१ पेन्स मिळायचे. तेव्हा पौंडात २४० पेन्स होते, म्हणजे एक पौंड द्यायला १८ रुपये ५ आणे लागायचे. हा वाढता बोजा पेलायला सरकारनं कर वाढवले. प्राप्तिकर आला, १८८८मध्ये मिठावरचा कर वाढला, आयातीवर जकात बसली. दरम्यान १८९३मध्ये टांकसाळीत लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणं बंद झालं होतं. रुपयाची टंचाई होऊन त्याचा भाव चढत गेला आणि १८९८-९९पर्यंत १६ पेन्सवर आला. आता एक पौंड १५ रुपयांत पडू लागला. म्हणजे विलायतेला पाठवायच्या दर एक कोटी पौंडांमागं सव्वातीन कोटी रुपयांहून जास्त वाचले. पण रुपया घसरला म्हणून वाढवलेले कर तसेच राहिले. शिल्लक या फरकातून जमली होती. शेतकऱ्याच्या घरात धान्य जास्त आलं म्हणून ती आलेली नव्हती.

हे चार्टवर कसं दाखवाल? नुसत्या शिल्लकीचे कॉलम काढले तर दरवर्षी भरभराटच दिसते. त्याच्या खाली, तीच वर्षं घेऊन, रुपयाच्या भावाचा वेगळा लाइन चार्ट ठेवला की वाचणाऱ्याला आपोआप संशय येतो. मी मुद्दाम वेगळा म्हणतोय. एकाच चार्टमध्ये डावीकडं कोटी आणि उजवीकडं पेन्स असे दोन अक्ष लावायची सोय एक्सेलमध्ये आहे, पण दोन्ही अक्षांचं माप आपण हवं तसं ताणू शकतो, आणि रेघा कुठंही एकमेकींना छेदू शकतात. तो छेद वाचणाऱ्याला मोठा अर्थाचा वाटतो, प्रत्यक्षात त्याला काहीच अर्थ नसतो. एकाखाली एक दोन चार्ट ठेवले की फसवणूक होत नाही.

आता हाच हिशेब आपल्या घराला लावून बघा. समजा एखादा माणूस इथून दरमहा २०० दिनार घरी पाठवतो. २०१०च्या सुमारास एका दिनारला १६०च्या आसपास रुपये मिळायचे, म्हणजे घरी जायचे ३२ हजार. २०२४मध्ये दिनार २७०च्या आसपास होता, म्हणजे ५४ हजार. गावच्या बँकेच्या पासबुकावरून चार्ट काढला तर रेघ झक्क वर जाते. घरच्यांना वाटतं, दादाचं चांगलं चाललंय, आता वरचा मजला चढवू या. दादाची दिनारातली रेघ मात्र चौदा वर्षं आडवीच आहे. इथलं भाडं वाढलं, मुलांची फी वाढली. तिकडं सिमेंट, औषधं आणि शाळा यांचे भावही वाढले. आई-वडील खोटं बोलत नाहीत, पासबुकही खोटं नाही. चार्ट चुकीच्या चलनात काढलाय, एवढंच.

यावर उपाय सोपा आहे. तीन ओळी घ्या. पाठवलेले दिनार, पोचलेले रुपये, आणि गावाकडचा महिन्याचा खर्च. तिन्हींचा पहिल्या वर्षीचा आकडा १०० धरा आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला त्या प्रमाणात मोजा. आता एकाच अक्षावर तीन रेघा निघतील. दिनार १००वरच राहील, रुपये १६९च्या जवळ जातील, आणि खर्चाची रेघ रुपयाच्या रेघेच्या वर आहे की खाली, हे तुमचं तुम्हाला दिसेल. वरचा मजला चढवायचा की नाही, ते त्यावर ठरवता येईल. सुट्टीत घरी गेल्यावर हा चार्ट वडिलांना दाखवावा. पैशाच्या बोलण्यात जे ताण येतात, त्यातले बरेच कमी होतात.

मिठाच्या पायऱ्या

गोखल्यांनी त्या भाषणात मिठाचा प्रश्नही धरला. मणाला, म्हणजे सुमारे ३७ किलोंना, अडीच रुपये कर होता. मीठ गरिबालाही लागतंच. लोकसंख्येच्या मानानं मिठाचा खप वाढत नाही, याचा अर्थ गरीब माणूस मिठातही काटकसर करतोय, असं ते दाखवत राहिले. दरवर्षी अर्थसंकल्प आला की गोखले मिठावर बोलायचेच. १९०३मध्ये कर दोन रुपयांवर आला, १९०५मध्ये दीडवर, १९०७मध्ये एक रुपयावर. १९०३मध्येच प्राप्तिकराची मर्यादा ५००वरून १००० रुपये झाली आणि हजारो छोटे पगारदार करातून सुटले. हे सगळं एकट्या गोखल्यांमुळं झालं असं मी म्हणणार नाही. दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या म्हणून पहिलीमुळं दुसरी घडली, असं चार्ट सिद्ध करत नाही. पण तिजोरीत जागा आहे, हे त्यांनी आकड्यांनी दाखवून दिलं होतं, आणि ते खोडून काढणं सरकारला जड होतं.

मिठाचा कर हा पायऱ्यांचा आकडा आहे. १९०३ ते १९०५ तो हळूहळू उतरला नाही. दोनवर थांबला आणि मग एकदम दीड झाला. साध्या लाइन चार्टमध्ये उतार दिसतो, तो खोटा. एक्सेलमध्ये पायऱ्यांचा चार्ट तयार मिळत नाही. बदलाच्या वर्षाला दोन ओळी लिहायच्या, एकीत जुना दर आणि दुसरीत नवा, आणि सरळ रेघांचा स्कॅटर चार्ट घ्यायचा. खोलीचं भाडं, व्हिसाची फी, पगारातली वाढ हे सगळे पायऱ्यांचेच आकडे.

काळाबरोबर बदलणाऱ्या आकड्यांमध्ये काय मोजतोय हेही बघावं लागतं. महबूलाकरांनी हे २०२०मध्ये अनुभवलंय. एप्रिलपासून जुलैपर्यंत महबूला आणि जलीब अल शुयूख हे दोन भाग पूर्ण बंद होते. रोज आरोग्य मंत्रालयाचे आकडे यायचे. एकूण बाधितांचा चार्ट कधी खाली येतच नाही, तो फक्त चढतो. गावाकडचे लोक तोच बघून रडवेले फोन करायचे. रोजच्या नव्या रुग्णांचे कॉलम आणि त्यावर सात दिवसांच्या सरासरीची रेघ काढली, तरच साथ वाढतेय की ओसरतेय ते कळत होतं.

१.९

१६ मार्च १९११ला गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. त्या भाषणात त्यांनी देशोदेशीचं प्रमाण एकामागून एक सांगितलं, एकूण लोकसंख्येपैकी किती टक्के लोक प्राथमिक शाळेत आहेत याचं. अमेरिका २१. फ्रान्स १४च्या थोडं वर. बेल्जियम १२. जपान ११. रशिया ४ ते ५च्या दरम्यान. ब्रिटिश हिंदुस्थान १.९. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात शिक्षण सक्तीचं झालं होतं आणि तिथलं प्रमाण ब्रिटिश मुलखाच्या कितीतरी वर होतं, हेही त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे हवा, माणसं, धर्म, गरिबी ही कारणं पुढं करायला जागा उरली नाही.

हा बार चार्ट माझ्या वर्गात सगळ्यात जास्त वेळ पडद्यावर राहतो. वेगवेगळ्या गोष्टींची तुलना असेल तर बार. देशांची नावं लांब असतात म्हणून आडवे बार. मोठ्यापासून लहानापर्यंत क्रम लावायचा, अकारविल्हे नाही. एक्सेल आडव्या बारमध्ये शीटमधली पहिली ओळ सगळ्यात खाली टाकतं, म्हणून अक्षाच्या सेटिंगमध्ये क्रम उलटा करावा लागतो. अक्ष शून्यापासूनच सुरू हवा, कारण बारची लांबी हाच त्याचा अर्थ. सगळे बार राखाडी ठेवा आणि एकच रंगवा. तो शेवटचा, इवलासा, १.९चा. त्याच्यापुढं आकडा लिहा. त्रिमिती बार, सावल्या, जाड चौकटी यांतलं काहीही लागत नाही.

विधेयक किती साधं होतं! सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी, तेही ज्या स्थानिक संस्थांना हवं असेल त्यांनीच सक्ती करायची. तरीही १९ मार्च १९१२ला ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. गोखल्यांना ते पडणार हे माहीत होतं. सरकारी सभासदांचं बहुमत होतं, आणि काही जमीनदार मंडळीही विरोधात होती. तरी ते वर्षभर देशभर फिरले, मतं गोळा केली, आक्षेपांना एकेक करून उत्तर दिलं. पुढं १९१७मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात, म्हणजे गोखले जिथं भावाच्या आठ रुपयांवर शिकले त्याच संस्थानात, प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१८मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांसाठी कायदा करवून घेतला. सगळ्या देशासाठी शिक्षण हक्क कायदा अमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडला. दोन्ही तारखांमध्ये ९८ वर्षं.

समुद्रापलीकडची माणसं

आपल्याला विशेष जवळचं वाटावं असं त्यांचं काम म्हणजे परदेशी गेलेल्या हिंदी मजुरांचं. पाच वर्षांच्या करारावर नाताळ, फिजी, वेस्ट इंडीजला माणसं नेली जायची, त्यांना गिरमिटिया म्हणत. फेब्रुवारी १९१०मध्ये गोखल्यांनी नाताळसाठी ही भरती थांबवावी असा ठराव मांडला, तो मान्य झाला आणि १ जुलै १९११पासून ती भरती बंद झाली. मार्च १९१२मध्ये त्यांनी सगळीकडचीच गिरमिट पद्धत बंद करा असा ठराव आणला. तो फेटाळला गेला. त्यात त्यांनी मजुरांच्या आत्महत्यांचं प्रमाण घेतलं आणि ते मजूर ज्या प्रांतांतून गेले होते तिथल्या प्रमाणाशी ताडून दाखवलं. नुसती संख्या सांगितली असती तर ती छोटी वाटली असती. लोकसंख्येच्या प्रमाणात मोजल्यावर फरक अंगावर येतो. लहान गटाची मोठ्या गटाशी तुलना करताना नेहमी प्रमाण काढा, हे मी एका वाक्यात सांगतो आणि उदाहरण हेच देतो. त्या दिवशी वर्गात कुणी मोबाइलकडं बघत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मधुमेहानं पोखरलेल्या शरीरानं ते दक्षिण आफ्रिकेला गेले. करार संपलेल्या हिंदी मजुरांवर दरवर्षी तीन पौंडांचा कर होता. गोखल्यांनी तिथल्या मंत्र्यांशी बोलणी केली. गांधीजी पूर्ण दौराभर बरोबर होते. दहा वर्षांपूर्वी कलकत्त्यात महिनाभर हेच गांधीजी गोखल्यांकडं राहिले होते. त्या करासाठी पुढं मोठा लढा झाला आणि १९१४मध्ये तो रद्द झाला. तोवर गोखल्यांची तब्येत पार ढासळली होती, आणि वर्षभरात ते गेले.

१९०५मध्ये त्यांनी स्थापलेल्या भारत सेवक समाजाच्या पुढाकारानं १९३०मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. गाडगीळांनी पुणे शहराची घरोघर पाहणी करून कोण काय कमावतो आणि कसा राहतो याचे आकडे जमवले. म्हणजे गोखले ज्या आकड्यांसाठी सरकारी पुस्तकांवर अवलंबून होते, ते मिळवायला त्यांच्या नावाची संस्था स्वतः दारोदार गेली. डेक्कन जिमखान्यावर बीएमसीसी रोडला ही संस्था आजही आहे. सुट्टीत पुण्याला गेलात तर मुलांना बाहेरून तरी दाखवा.

आणि इथल्या शाळांत पाचवी-सहावीत मुलांना बार ग्राफ असतोच. पुस्तकात बहुधा आवडत्या फळांचा ग्राफ काढायला सांगतात. तो झाला की १९११चे हे आकडे द्या: अमेरिका २१, फ्रान्स १४, बेल्जियम १२, जपान ११, ब्रिटिश हिंदुस्थान १.९. कागदावर काढू द्या, नाहीतर एक्सेलमध्ये. शेवटचा बार एवढा छोटा का, असं मूल विचारेल. मग गोविंदरावांपासून सुरुवात करून सगळं सांगा.